व्हॉल्व्ह कुणी बंद केला?

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला पंचनामा कुठल्या गुन्ह्यातला, हे विचारलं तर मला सांगता येणार नाही. पण द्राक्षाच्या ऐन हंगामातली ती सकाळ मात्र मिनिटामिनिटासकट लक्षात आहे. त्या तपासात मी एका निर्दोष बाईला जवळजवळ अटक केली होती, आणि तिच्या बाजूचा सर्वांत मोठा साक्षीदार मी स्वतःच होतो.

मी तेव्हा निफाड आणि सिन्नरच्या मधल्या पट्ट्यातल्या एका ठाण्याचा पोलीस निरीक्षक होतो. हजेरी आटोपून मी समन्सच्या फायली बघत बसलो होतो. साडेअकराला पाच-सहा मिनिटं कमी असताना ठाणे अंमलदार खुर्ची मागे ढकलून उठला.

“साहेब, कोल्ड स्टोरेजमधून फोन. गॅस सुटलाय. बाया अडकल्यात.”

मी टोपीसुद्धा न घेता जीपकडे धावलो. ते कोल्ड स्टोरेज ठाण्यापासून चार किलोमीटरवर होतं. आत द्राक्षांचं पॅकिंग चाले. थंडाव्यासाठी तिथं अमोनिया वायू वापरत. शेवटच्या वळणावर वास आला आणि आमच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ड्रायव्हरनं जीप फाटकातून आत घेतली. समोर पांढरं धुकं जमिनीलगत पसरलं होतं आणि त्यापलीकडून बायकांच्या ओरडण्याचा आवाज येत होता.

मी उडी मारली आणि सरळ त्या आवाजाच्या दिशेनं पळत सुटलो. पंधरा-वीस पावलं गेलो असेन. तेवढ्यात धुक्यातून एक आकृती बाहेर आली. पाठीवर सिलिंडर, तोंडावर काचेचा मुखवटा. ती एका माणसाला काखेत हात घालून ओढत आणत होती. मला बघताच तिनं एक हात सोडून पंजा उभा केला. थांब! मग छतावर वाऱ्यानं फुगलेल्या नारिंगी पिशवीकडे बोट दाखवलं आणि मला फाटकाकडे परत जायची खूण केली. वारा कुठून कुठे वाहतोय ते मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. आणखी दहा पावलं गेलो असतो तर मीही आडवा झालो असतो.

आकृतीनं तो माणूस आमच्या ताब्यात दिला, वळली आणि पुन्हा धुक्यात शिरली. तो फाटकावरचा गार्ड होता. बेशुद्ध. माझ्या हवालदारानं त्याला जीपमध्ये घातलं आणि सायरन लावून नाशिकच्या रस्त्याला लागला. मी रुमाल ओला करून तोंडाला बांधला आणि रस्त्यावरची गर्दी मागे हटवत राहिलो.

थोड्या वेळानं धुकं विरायला लागलं. अग्निशमन दलाचा बंब आला, जवानांनी पाण्याचे फवारे मारले. पॅकिंगच्या चाळीसेक बायका बाजूच्या द्राक्षबागेत सापडल्या. काही उलट्या करत होत्या, काही रडत होत्या, पण सगळ्या जिवंत होत्या. चौदा जणींना दवाखान्यात हलवावं लागलं.

मॅनेजर घामाघूम होऊन माझ्याजवळ आला. “साहेब, मेन व्हॉल्व्ह मी बंद केला. नाहीतर आज काही खरं नव्हतं. आमची ऑपरेटर बाई तर वास येताच पळाली.”

फाटकाच्या आत, भिंतीला टेकून एक बाई बसली होती. डोळे लालभडक, खोकून खोकून वाकलेली. मॅनेजरनं तिच्याकडेच बोट दाखवलं. मी तिला नाव विचारलं, तिनं घशाला हात लावला. मी तिलाही दवाखान्याच्या गाडीत बसवलं आणि माझ्या कामाला लागलो.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात गार्डचा फोटो होता. मुखवट्याशिवाय धुक्यात उडी घेणारा माणूस. ते खरंही होतं. त्याला धावत जाताना गावातल्या दोघांनी डोळ्यांनी बघितलं होतं. तो अजून शुद्धीवर आला नव्हता आणि सिन्नरकडच्या त्याच्या गावात लोक देवळात बसून होते.

त्याच सकाळी ठाण्यात एक फोन आला. नाव सांगितलं नाही.

“साहेब, गार्डचं नाव झालं ते चांगलंच झालं. पण पळालं कोण, ते पण बघा ना. फाटकाच्या कॅमेऱ्यात सगळं हाय.”

आम्ही फुटेज मागवलं. चित्र स्वच्छ होतं. मशीन रूमचं दार उघडतं. ऑपरेटर बाई बाहेर येते. तिच्या उजव्या हाताला पॅकिंग हॉल आहे, चाळीस बायका तिथं आहेत. ती तिकडे बघतही नाही. जीव खाऊन फाटकाकडे पळते आणि चौकटीबाहेर जाते. तिच्या मागोमाग गार्ड उलट्या दिशेनं, हॉलकडे धावतो. त्यानंतर काही सेकंदांत फुटेज संपतं. वायूनं वायर जळली असेल, असं आम्ही धरून चाललो.

कुणाही पोलिसाला याहून जास्त काय लागतं? निष्काळजीपणाचा गुन्हा आधीच नोंद होता. मी तिला चौकशीला बोलावलं.

ती आली वडिलांबरोबर. नाशिकच्या एका वसाहतीत राहणारे निवृत्त प्राथमिक शिक्षक, पांढरा शर्ट, खिशाला पेन. ती पस्तिशीच्या आतली. आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा कोर्स केलेली, आठ वर्षांचा अनुभव. वडील म्हणाले, “साहेब, तिचा घसा भाजलाय. डॉक्टरांनी बोलायला मना केलंय. तिला कागद द्या, ती लिहून देईल.”

“जबाब आम्ही लिहितो,” मी म्हणालो. “तुम्ही बाहेर बसा.”

हे वाक्य आठवलं की मला अजून लाज वाटते.

मी तिला फुटेज दाखवलं. “ही तुम्हीच ना?”

तिनं होकारार्थी मान हलवली.

“पळालात?”

“हो,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. “पळाले.”

“हॉलमध्ये बायका आहेत, हे माहीत होतं?”

“हो.”

ती पुढे काही सांगायला गेली आणि तिला खोकल्याची अशी उबळ आली की हवालदारानं पाणी आणलं. मी मात्र माझं वाक्य लिहून घेतलं होतं: पळून गेल्याचे मान्य करते. सहा तास तिला बाकावर बसवून ठेवलं. अटकेचे कागद तयार करायला सांगितले आणि पुराव्याच्या फाईलमध्ये अग्निशमन दलाचा अहवाल हवा म्हणून त्यांच्या अधिकाऱ्याला फोन लावला. ते जवळच होते, स्वतःच अहवाल घेऊन आले.

माझ्याच वयाचे, कमी बोलणारे गृहस्थ. चहा येईपर्यंत मी सहज म्हणालो, “तुमच्या त्या जवानाचं नाव मला द्या. गार्डला ओढून आणणारा. त्यानं मलाही वाचवलं. मी शिफारस करणार आहे.”

“कुठला जवान?”

“मुखवटेवाला. मी पोचलो तेव्हा आत होता तो.”

“साहेब, तुम्ही किती वाजता पोचलात?”

मी स्टेशन डायरी उघडली. माझ्याच अक्षरात होतं: अकरा पस्तीसला घटनास्थळी दाखल, अग्निशमन जवानाने जखमी गार्डला बाहेर काढले.

त्यांनी आपला अहवाल माझ्यापुढे सरकवला. “आमचा बंब अकरा सत्तेचाळीसला फाटकात आला. तुमच्यानंतर बारा मिनिटांनी. मग तुम्हाला भेटलेला आमचा कसा असेल?”

बंब माझ्या डोळ्यांदेखत नंतर आला होता आणि तीन दिवसांत मी ते माझ्याच डायरीशी ताडून पाहिलं नव्हतं!

“आणि आणखी एक,” ते म्हणाले. “आम्ही आत गेलो तेव्हा व्हॉल्व्ह घट्ट बंद होता. कुणी बंद केला?”

“मॅनेजर म्हणतो, त्यानं.”

“मुखवटा न घालता?” ते पहिल्यांदा हसले. “साहेब, त्या खोलीत मुखवट्याशिवाय माणूस तीन श्वास घेऊ शकला नसता.”

मी उठलो, बाहेर आलो. ती बाकावर तशीच बसली होती, वडील शेजारी ताठ बसलेले. मी हवालदाराला कोरे कागद आणि पेन आणायला सांगितलं आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो.

“ताई, माझं चुकलं. पळालात तिथपासून पुढचं मला लिहून द्या.”

तिनं कागद मांडीवर घेतला. मग लिहायला लागली. अक्षर मास्तरांच्या मुलीला शोभेल असं, वळणदार. मी उठून तिच्या मागे उभा राहिलो आणि खांद्यावरून वाचू लागलो.

तिनं लिहिलं होतं: हवेचा सेट, म्हणजे सिलिंडर आणि मुखवटा, फाटकाजवळच्या कपाटात असतो. मशीन रूममध्ये ठेवत नाहीत, कारण गळती झाली तर तोच सापडत नाही. आम्हाला शिकवलंय, आधी बाहेर, मग सेट, मग आत. उलटं केलं तर वाचवणारा पण पडतो. पहिल्या झोतातच घसा भाजला. सायरन दाबला, वाजला नाही. कपाटाशेजारचं लाल बटण दाबलं, म्हणजे सगळी वीज बंद होते, ठिणगी पडत नाही.

मी तिथं थांबलो. वीज बंद! म्हणून फुटेज संपलं होतं. वायर जळली नव्हती. तिनं तिचं काम केलं आणि त्यामुळेच कॅमेऱ्यानं फक्त तिचं पळणं टिपलं.

पुढे होतं: मी कपाटापाशी पोचते तोवर गार्डदादा हॉलकडे पळाले होते. मी ओरडले, पण ते गेले आणि पडले. वारा मशीन रूमकडून हॉलच्या पुढच्या दारावर होता. बाया त्याच दारात गर्दी करत होत्या. सेट घालून मी भिंतीकडेनं वळसा घेत बागेकडच्या दारापाशी गेले. तिथं बाहेरून क्रेट लावलेले होते. ते काढले, दार उघडलं, बायांना एकमेकींचा पदर धरायला लावला आणि वाऱ्याला आडवं बागेत नेलं. मग परत येऊन गार्डदादांना ओढलं. मग आत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला.

“म्हणजे गार्ड पडलेला तुम्हाला दिसत होता,” मी हळू विचारलं, “आणि तुम्ही आधी हॉलकडे गेलात?”

तिच्या हातातलं पेन थांबलं. तिनं खाली बघूनच उत्तर दिलं, कुजबुजत. “एक जण आणि चाळीस जणी. असंच शिकवलंय. पण साहेब, त्यांच्या बाजूनं पुढे जाताना… ते वाचले ना?”

तो त्याच दुपारी शुद्धीवर आला होता. मी सांगितल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला आणि वडिलांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

पण पोलिसाला नुसता विश्वास वाटून चालत नाही, पुरावा लागतो. दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरला बोलावलं. आवाज चढवला नाही. चहा दिला.

“व्हॉल्व्ह तुम्हीच बंद केलात, म्हणून तुमची मदत हवी आहे. चाक किती फेरे फिरवलंत?”

तो गोंधळला. “दोन… तीन असतील. गडबडीत कोण मोजतं, साहेब?”

“आणि सहज फिरलं?”

“हो, एकदम सहज.”

मी दुसऱ्या खोलीत गेलो. ऑपरेटर बाई तिथं होती. तिला एकच प्रश्न कागदावर लिहून दिला: किती फेरे? तिनं लगेच लिहिलं: अकरा. नवव्या फेऱ्यापासून जड जातं, पाना लावावा लागतो. पाना खिडकीच्या कट्ट्यावर राहिलाय.

आम्ही पंच घेतले, अग्निशमन अधिकारी आणि एक बाहेरचा तंत्रज्ञ घेतला आणि थेट मशीन रूम गाठली. यंत्रणा तोवर पूर्ण रिकामी केलेली होती. तंत्रज्ञानं चाक हातात घेऊन उघडायला सुरुवात केली. पहिल्या तीन फेऱ्यांना त्याला आपला पाना लावावा लागला. मग हातानं. मी मोठ्यानं मोजत होतो, पंच माझ्याबरोबर मोजत होते. पाच, सहा, सात. माझा हवालदार, पंचवीस वर्षं नोकरी झालेला गडी, लहान पोरासारखा टाचा उंच करून बघत होता. नऊ, दहा, अकरा. चाक थांबलं.

“अकरा!” हवालदार ओरडला. “साहेब, बरोब्बर अकरा!”

खिडकीच्या कट्ट्यावर, जिथं लिहिलं होतं तिथंच, पाना पडलेला होता.

त्यानंतर मॅनेजर फार वेळ टिकला नाही. यंत्रात साचलेलं ऑइल काढायचं होतं. बाईनं आधी यंत्र थांबवा म्हणून लेखी कळवलं होतं. हंगामात माल थांबवायचा नाही म्हणून ती मशीन रूमच्या दुसऱ्या टोकाला तपासणी करत असताना यानं स्वतःच ऑइल काढायचा झिजलेला छोटा व्हॉल्व्ह ढिला केला, तो निखळला आणि हा मागच्या दारानं शेतात पळाला. सायरन मधूनमधून उगाच वाजतो म्हणून तोही त्यानंच काढून ठेवला होता. तो निनावी फोन त्याच्या गाडीच्या ड्रायव्हरचा निघाला.

राहिल्या त्या पॅकिंगच्या बायका. प्रथमोपचार झाले तसं मॅनेजरनं त्यांना टेम्पोत बसवून त्याच संध्याकाळी गावाकडे धाडलं होतं. आम्ही पेठच्या पलीकडे, डोंगरातल्या त्यांच्या पाड्यावर गेलो. जबाब घ्यायला बसलो तर सगळ्या एकदम बोलायला लागल्या. त्यांतली वयानं मोठी एक मावशी पुढे आली.

“आमी पुढल्या दारात एकमेकींवर पडलो होतो, साहेब. डोळं उघडत नव्हतं. मंग मागून ढाणकन दार उघडलं. तोंडावर ते भांडं लावलेलं भूत उभं! पोरी आणखीच वरडल्या. तर त्या भुतानं माझा पदर धरला, मागलीच्या हातात दिला. तवा मी वळखलं. म्हनलं, ही तर आपली ऑपरेटर बाय.”

“कशावरून ओळखलं?”

“दर शनवारी ती ते भांडं घालून आंगणात फिरं. घड्याळ लावून. आमी लय हसायचो तिला. नाटकातली राक्षसीण म्हनायचो.” मावशीचा आवाज बारीक झाला. “आता हसनार नाय.”

दोषारोपपत्र मॅनेजरवर दाखल झालं. अटकेचे जे कागद तयार केले होते, ते मी माझ्या हातानं फाडले. गार्ड तीन आठवड्यांनी घरी आला. त्याच्या गावात त्याचा सत्कार झाला, मीही गेलो होतो. त्यानं माईक हातात घेतला आणि म्हणाला, “मी पळालो ते बघवलं नाय म्हनून. पण मला आनायला त्या ताईला परत यावं लागलं. माझ्यामुळं तिचा येळ गेला. हे पन लोकास्नी सांगा.” त्या माणसाच्या धैर्याबद्दल मला शंका नाही. ते बोलायलाही धैर्य लागतं.

तिच्या नावाची शिफारस मी वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवली. महिन्याभरानं फाईल शेरा मारून परत आली. संबंधित महिला प्रशिक्षित ऑपरेटर असून तिने आपले नेमून दिलेले काम केले आहे. नियत कर्तव्यापलीकडे काय केले, याचा खुलासा करावा.

मी चिडून तिला फोन केला. आता तिचा आवाज परत आला होता. ती शांतपणे म्हणाली, “साहेब, त्यांचं बरोबर आहे. माझं कामच होतं ते. शिकवल्याबरहुकूम केलं.”

“तुम्हाला भीती नाही वाटली?”

“वाटली की. हात इतके कापत होते की चाक पकडता येईना. म्हणून तर फेरे मोजत होते मोठ्यानं. मोजताना दुसरं काही सुचत नाही.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून मी तो खुलासा लिहिला. लिहिण्याआधी खूप विचार केला. आम्ही पोलीसही शिकलेलंच काम करतो. कवायत, नेमबाजी, जमावाला पांगवणं. कुणी पदक दिलं तर आम्ही छाती काढून घेतो. मग तिचंच काम ‘नुसतं काम’ कसं? आपण शूर म्हणतो ते त्याला, जो विचार न करता उडी घेतो. मीही त्या सकाळी तेच करत होतो, आणि माझं पाऊल चुकीच्या दिशेला पडत होतं. ती मात्र भीतीनं हात कापत असताना एकेक पायरी क्रमानं करत गेली. पळायचं तेव्हा पळाली, पडलेल्या माणसाच्या बाजूनं पुढे जायचं तेव्हा गेली. ते करताना लोक काय म्हणतील, कॅमेऱ्यात कसं दिसेल, याचा विचार करायला तिला वेळ नव्हता. आणि हे तिला त्या सकाळी सुचलेलं नव्हतं. कुणी बघत नसताना, बाया हसत असताना, शनिवारमागून शनिवार तिनं ते अंगी मुरवलं होतं. मला त्याला दुसरा शब्द सापडला नाही. मी त्याला शौर्यच म्हणतो.

पण सरकारी खुलाशात एवढं लिहिता येत नाही. फाईलच्या रकान्यात होता तोच प्रश्न: नियत कर्तव्यापलीकडे काय केले? मी उत्तर लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि फाईल पुढे पाठवली. ती पुन्हा परत आली नाही आणि त्या फाईलचं पुढे काय झालं, ते निवृत्त होईपर्यंत मला कळलं नाही. उत्तर मात्र मला पाठ आहे.

“काहीही नाही. नियत कर्तव्य पूर्ण केले. त्या ठिकाणी त्या दिवशी ते पूर्ण करणारी ती एकटीच होती.”